आमची मुतबाई

ती घरात पाय ठेवायची आणि पाणी प्यायच्या आधी विचारायची, "मुताचं कसं काय हाये?" दुसरा कोणी धानाचं कसं काय विचारतो, तसं. आवाज खाली करायची नाही. सपरीत, पुढच्या पडवीत, सासरा बसलेला असो की अंगणातून पोलीस पाटील जात असो, तिला फरक पडत नव्हता. आमच्या गावात हा शब्द लहान पोरांसाठी होता, नाहीतर भांडणासाठी. मोठ्या बाईने मोठ्या बाईला तो सरळ विचारावा असं मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून लोकांनी तिचं नाव मुतबाई पाडलं. एकदा पानठेल्यावर एकाने तिच्या तोंडावरच ते म्हटलं. मला वाटलं आता ही चिडेल. ती स्कूटी स्टँडवर लावत म्हणाली, "चांगलं नाव हाये. काम तरी समजते लोकायले. नर्सबाई म्हटलं का सगळे ताप घेऊनच येतात."

माझं शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल दुसरा कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर शब्द बदलून लिहील. ज्याला किळस येत असेल त्याने इथेच थांबावं.

आमचं गाव मूलहून पोंभुर्ण्याकडे जाताना रस्ता सोडून आत आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल. मुतबाई इकडचीच, धानकऱ्याच्या घरची. पन्नाशीची असेल. आधी सरकारी दवाखान्यात नर्स होती, मग या कामात आली. काम काय, तर कंबरेखालची नस आणि मुताची पिशवी यांची माहिती गोळा करायची. मी विचारलं, ही कसली माहिती, आणि कोणाला पाहिजे? तिने सपरीत मांडी घालून सांगितलं. लांबलांबच्या पाच-सहा मोठ्या दवाखान्यांत या दुखण्याचे डॉक्टर आहेत, पण ज्याची वही त्याच्याजवळ. एकाला जे कळलं ते दुसऱ्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरात एकच वही करायची ठरवली. सगळीकडे तेच प्रश्न विचारायचे, नाव काढून टाकायचं, नंबर द्यायचा, आणि ज्या डॉक्टरला अभ्यास करायचा आहे त्याने ती उघडून पाहायची. खेड्यातल्या, बाळंतपणात बिघडलेल्या बाया त्या वहीत जवळजवळ नव्हत्याच. त्या आणायला ती आली होती.

"आमाले काय फायदा?" मी विचारलं.

"आता काईच नाई, भाऊ," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलू? तुमच्या नातीच्या येळेले होईल, झाला तं."

अशी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या गावात जो येतो तो काहीतरी देतो म्हणूनच सांगतो.

माझी बायको तानाबाई. शेवटच्या बाळंतपणात तिला तीन दिवस कळा होत्या. पूर आला होता आणि बैलगाडी पलीकडे जात नव्हती. पोरगी गेली, ही वाचली, पण तेव्हापासून हिचं पाणी थांबेना. लुगड्याचे तुकडे करून वापरायची, विहिरीवर सगळ्यांच्या नंतर जायची. मार्कंड्याची जत्रा आमच्यापासून फार लांब नाही, पण हिने कितीतरी वर्षं पाहिली नव्हती. एसटीत बसलं की उतरता येत नाही, म्हणून. मी विचारायचो तर म्हणायची, देव तिथंच आहे, कुठी पळून राह्यला? मी पण ते खरं समजायचो.

मुतबाईने तिला पडद्याआड घेऊन तपासलं. मला बाहेर बसवलं. कापसाचा बोळा आणि एक बोथट काडी घेऊन, इथी लागते का, इथी लागते का, असं विचारत होती. हिचं एकच उत्तर ऐकू येत होतं. नाई. नाई. नाई. नंतर हिने मला सांगितलं की तिकडे कधीच काही लागत नव्हतं. सगळ्याच बायांना बाळंतपणानंतर असं होत असेल असं तिला वाटायचं. कोणाला विचारणार? मुतबाईने समजावलं, "ताना माय, तुमची नस झोपली हाये. पिशवी भरली हे समजतच नाई. मंग ते वरून सांडते." आणि मला बजावलं की पिशवी अशी भरून राहिली तर वर मूतपिंडाला मार बसतो, चंद्रपूरला नेऊन सोनोग्राफी करा. मी म्हटलं, धान निघाल्यावर नेतो. पुढच्या दोन फेऱ्यांत परत सांगितलं. मी परत तेच म्हटलं.

हे पण लिहून ठेवतो.

नंबरावरून मात्र आमच्या घरी गंमत झाली. बाकीच्या बाया पहिले विचारायच्या, नाव तर नाही ना येणार? तानाबाई उलटी. "माहं दुखणं घेता, मंग नाव काऊन काढता?" मुतबाई म्हणाली, नाव राहिलं तर लोक बोलतील. ही म्हणाली, "लोकं तं बोलूनच राह्यले. नाव काढून काय वाचलं?" मुतबाईने ते तसंच कागदावर उतरवून घेतलं.

तिच्याजवळ टॅब होता, पण ती आधी कागदावर पेन्सिलीने लिहायची. बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत. मग घरी जाऊन टॅबात भरायची. एवढं दोनदा काम कशाला, मी विचारलं. म्हणाली, "टॅबात खाने हायेत. हो, नाई, कधीकधी. सारजाबाई म्हणते, हसली का लुगडं बदलाव लागते म्हणून मी हसनंच सोडलं. हे कोन्या खान्यात टाकू? खाना नाई म्हणून काय तिले होत नाई?" तशा तिच्या तीन वह्या भरल्या होत्या. त्या कोणी मागितल्या नव्हत्या.

माणसांनाही तिने सोडलं नाही. त्या मोठ्या वहीत माणसांची पण माहिती पाहिजे होती. पानठेल्यावर उभी राहून म्हणाली, "रस्त्याच्या कडेले तं रोज उभे राह्यता, माह्या मशीनपाशीच काऊन लाजता?" कोणी पुढे होईना. मी झालो. समाजमंदिराच्या खोलीत एक खुर्ची, मधे भोक, खाली नरसाळ्यासारखं भांडं आणि धार मोजायचं मशीन. दाराबाहेर अर्धं गाव. मला काही केल्या होईना. आतून ओरडून सांगितलं, बाई, येत नाही. तिने बाहेरच्या लोकांना कामाला लावलं. बोरिंगच्या हातपंपाचा दांडा हाणायला सांगितला. पाणी पडायला लागलं तसं माझंही काम झालं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र माणसं आली, आणि दरवेळी कोणी ना कोणी बोरिंग हाणायला उभा.

मग ते पत्र आलं.

त्या दिवशी ती आली आणि काहीच न विचारता सपरीत बसली. हातात कागद होता. मोठ्या वहीचं काम पाहणाऱ्या साहेबांनी लिहिलं होतं की तुमच्या गावची माहिती जुळत नाही. या बाया सांगतात की दिवसातून एकदा-दोनदा लघवीला जातात, आणि तरी दिवसभर ओल्या असतात. एवढं कमी कोणी जात नाही. एक तर बाया खोटं बोलतात, नाहीतर भरणाऱ्याने घरी बसून भरलं. म्हणून हे गाव वगळायचं. माहिती गोळा करताना चूक झाली असं मुतबाईने सही करून द्यायचं.

तिने ते वाचून दाखवलं. तानाबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग, एकदाच तं जातो."

"पण ताना माय, दिवसभर होते म्हणता ना?"

"होते तं दिवसभर. जातो एकदा."

मुतबाईला कळेना. मलाही नाही. तेव्हा हिने सूप खाली ठेवून सांगितलं. जाणं म्हणजे हातात डबा घेऊन, उठून, तळ्याच्या पाळीमागे जाणं. ते सकाळी एकदा. दिवस बुडताना जमलं तर दुसऱ्यांदा. धान रोवण्याच्या दिवसांत बाई सकाळपासून गुडघाभर पाण्यात वाकलेली, बांधीच्या कडेला धुऱ्यावर माणसं उभी. ती कुठे जाईल? उभ्या उभ्या त्याच पाण्यात होते. हात थांबत नाही, गाणं थांबत नाही, शेजारची समजून घेते. आणि ज्यांचं आपोआप सांडते त्यांचं तर विचारूच नका.

"ते गेलं," तानाबाई म्हणाली. "मी कुठी गेली?"

मुतबाईने कपाळाला हात लावला. ती स्वतः आपल्या मायसोबत त्याच पाण्यात रोवणं करून मोठी झाली होती. तिला हे माहीत होतं. पण छापील कागदावर 'लघवीला किती वेळा जाता' लिहिलं होतं म्हणून तिने घरोघरी तेच विचारलं, आणि बायांनी जे विचारलं त्याचंच खरं उत्तर दिलं. म्हणाली, "मीच शाळेत जाऊन बिघडली." मग हसायला लागली. हसत हसत तिने तो कागद फाडला. मी म्हटलं, बाई, त्याचं उत्तर द्यावं लागेल. म्हणाली, "देतो ना. त्यायचा कागद कायले पाह्यजे उत्तर द्याले?"

तेव्हा रोवणं सुरूच होतं. घरी कोणी सापडत नव्हतं, तर ती बांधीत उतरली. लुगडं खोचून, वही प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून, चिखलात. मोजायची युक्ती तानाबाईची. प्रत्येक बाईच्या कंबरेला दोन पिशव्या, उजवीत चिंचोके. झालं की एक चिंचोका डावीत टाकायचा. मग ते उभ्याने होवो, सांडून होवो, नाहीतर डबा घेऊन होवो. संध्याकाळी मुतबाई धुऱ्यावर बसून डाव्या पिशव्या मोजायची. कोणाचे बारा, कोणाचे सतरा. तानाबाईचे एके दिवशी संपलेच. तिने उजवी पिशवी उलटी करून दाखवली आणि म्हणाली, "उद्या जास्त देजो."

मुतबाईने ही नवी मोजणी पाठवली. साहेबांचं उत्तर आलं की प्रश्न बदलता येत नाही. सगळ्या दवाखान्यांत एकच प्रश्न पाहिजे, नाहीतर एकत्र वही करून उपयोग काय? मला विचाराल तर त्यात त्यांचं पण काही चुकत नव्हतं. पण म्हणून आमचं गाव खोडायचं? चंद्रपूरला बैठक ठेवली होती, तिथे येऊन सही करा असं सांगितलं. मुतबाई म्हणाली, येतो, पण एकटी येत नाही.

आम्ही सात जण गेलो. पाच बाया, मी आणि मुतबाई. तानाबाई एसटीत बसायला तयार नव्हती. मुतबाईने चढताना कंडक्टरला मोठ्याने सांगितलं, "भाऊ, या बाईले मुताचा तरास हाये, सांगन तिथी गाडी थांबवा लागंन." सगळी गाडी वळून पाहायला लागली. तानाबाईने पदर डोक्यावर ओढला. पण गाडी तीनदा थांबली, आणि तिसऱ्या वेळी आमच्या गावच्या नसलेल्या दोन बायाही मागोमाग उतरल्या.

बैठकीत समोर मोठा टीव्ही होता. त्यात लांबलांबचे डॉक्टर, खोलीत दोन साहेब. मुतबाईने बोलायला सुरुवात केली तर साहेब म्हणाले, हे सगळं कळवलं आहे तुम्ही, आता फक्त सही बाकी आहे. कागद पुढे सरकवला. ती म्हणाली, "चूक झाली असं लिवून देतो. कोनाची झाली ते पन लिवतो." साहेब म्हणाले, तसं नसतं. मग त्यांनी बायांकडे पाहून विचारलं की यांना कशाला आणलं.

तेव्हा तानाबाई उठली. घराबाहेर मोठ्याने बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"साहेब, तुमचा प्रश्न खोटा निंघाला, तं आमाले काऊन खोडता?"

टीव्हीतल्या एका डॉक्टरणीने विचारलं, काय म्हणाल्या त्या, परत सांगा. मुतबाईने सांगितलं नाही. तानाबाईलाच परत बोलायला लावलं, आणि जाणं-होणं सगळं तिच्याच तोंडून वदवलं. ती डॉक्टरीण लिहून घेत होती. शेवटी म्हणाली की आमच्याकडेही बायांचे आकडे कमी येतात, आम्हाला वाटायचं लाजतात. निर्णय त्या दिवशी झाला नाही. विचार करून कळवू असं म्हणाले. मुतबाईने कागद घडी करून त्यांच्याकडेच परत ठेवला, बिनसहीचा.

त्या दिवशी चंद्रपुरातही मुतबाईने सोनोग्राफीचं काढलं होतं, मी परत धानाचंच म्हटलं. धान निघालं. मग मी तानाबाईला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर माझ्याशी बोलला तेव्हा खाली पाहत होता. एक मूतपिंड गेलेलं, दुसरं जाण्यात होतं. नळी घातली. मुतबाई आठवड्यातून एकदा यायची, नळी पाहायची, पिशवी रिकामी करायची, मला शिकवायची. मी शिकलो. माघात तानाबाई गेली.

तेरवीनंतर मुतबाई आली. आमच्या गावची ती शेवटची फेरी होती, पुढच्या आठवड्यापासून तिला सिरोंच्याकडे जायचं होतं. तिकडच्या बाया तेलुगू बोलतात. म्हणाली, आधी त्यायले विचारतो का तुमच्यात याले काय म्हंता, मंग वही उघडतो. गावचं ठरलं होतं. आमचं गाव खोडणार नव्हते. जुन्या प्रश्नाच्या खाली दुसरा प्रश्न टाकला होता, दिवसातून किती वेळा होते, आणि तो सगळ्या दवाखान्यांना विचारायला लावला होता. पण जे माणूस गेलं त्याच्या घरच्यांना विचारायचा नियम होता. माहिती ठेवायची की काढायची? तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि हात मागे घेतला. ठेवा म्हणाली नाही, काढा म्हणाली नाही. तानाबाईने एवढं केलं होतं, आणि आता माझ्या एका खुणेने ते पुसलं गेलं असतं.

माझा मोठा मुलगा गजू बल्लारपूरहून आलेला होता. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, काढा. माय होती तोपर्यंत तिची मर्जी, आता नाही. मुतबाईने नाव नसतं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, नाव नसलं तरी गावाला माहीत आहे. मग माझ्याकडे वळला. "मायच्या मुताची गोष्ट जगभर फिरवाची हाये का, बाबा? इज्जत हाये का नाई आपल्याले?"

त्याच्यावर मी हात उचलला असता. पण तो मायसाठीच बोलत होता हे मला कळत होतं. मी एवढंच म्हटलं, "फिरू दे. ती स्वतः चंद्रपुरात जाऊन बोलली. तू तिच्याहून मोठा झाला का?" तो उठून अंगणात गेला. अजून नीट बोलत नाही. नाही बोलत तर नाही.

मी ठेवायची खूण केली. मुतबाई कागद उचलायला लागली तर मी तिला थांबवलं. म्हटलं, बाई, एक राहिलं. तुमच्या पेन्सिलीच्या वहीत ताना जिथे आहे तिथे लिहा. तिने वही काढली.

मी सांगितलं की हिचा नवरा बावीस वर्षं सपरीत झोपला. उन्हाळा-हिवाळा. लोकांना सांगायचा की आत गरम होते. ते खोटं होतं. हिला वास यायचा म्हणून तो बाहेर झोपला. हिने कधी विचारलं नाही, रोज संध्याकाळी त्याची गोधडी स्वतः बाहेर टाकून द्यायची. गजू अंगणात उभा राहून ऐकत होता. ऐकू दिलं.

मुतबाई लिहीत होती, वर पाहत नव्हती. लिहून झाल्यावर तिने सवयीप्रमाणे वाचून दाखवलं. "नवरा बावीस वर्षं बाहेर झोपला. आत गरम होते असं लोकायले सांगे, ते खोटं."

"मधचं कुठी गेलं?"

"कोनतं, भाऊ?"

"वासाचं."

"ते नसलं तरी चालते, भाऊ," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती हळू बोलली.

"चालत नाई. लिवा."

तिने पेन्सिल परत टेकवली आणि ते दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात घुसवलं. मी चष्मा लावून पाहिलं. लिहिलेलं होतं.